लहानूनं न मारलेलं प्यादं

लहानू टेंभुर्णे बुद्धिबळ खेळायला बसला की पटाकडे बघत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण भिलाईतल्या निम्म्या लोकांचा त्याच्याबद्दलचा गैरसमज याच्यावरूनच झाला होता. कोणी म्हणे मिजासखोर आहे, कोणी म्हणे अर्धवट आहे. समोरचा माणूस डोकं धरून बसलेला, आणि हा आपला दोन्ही हात पाठीमागे बांधून वर पत्र्याकडे नाहीतर दाराबाहेर बघतोय. मग एकदम हात पुढे यायचा, मोहरं उचलायचा, त्याच्या घरात ठेवायचा आणि पुन्हा मागे जायचा. एकदा उचललेलं मोहरं त्यानं परत जागेवर ठेवलं, असं कधी झालं नाही.

मिजासबिजास काही नव्हती हो. त्याला खेळच तसा शिकायला मिळाला होता.

साकोलीच्या पलीकडे, चुलबंद नदीच्या अंगाला त्याचं गाव. गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, बुद्धिबळाचं वेड होतं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे त्याच्या ओट्यावर डाव मांडला की दिवाणजी हिरालाल प्रत्येक चाल मोठ्यानं ओरडून सांगायचा. ‘घोडा उंटापुढच्या तिसऱ्या घरी! हत्तीपुढचं प्यादं एक घर!’ लहानू आणि त्याचा बाप धोंडबा त्या वाड्यावर लाकडं फोडायला जात. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं ओट्याची पायरी चढायची नाही, हा गावाचा कायदा. तेव्हा पट कसा दिसतो, मोहरी लाकडाची असतात की दगडाची, हे लहानूला ठाऊक नव्हतं. पण कान कोणी बांधले नव्हते. निंबाखाली लाकडं फोडता फोडता त्यानं दोन वर्षांत कानानं बुद्धिबळ शिकून घेतलं. आधी भुईवर काडीनं चौसष्ट घरं काढायचा. पुढे काडीही लागेना, डोळे मिटले की घरं हजर.

एका दुपारी त्याच्या तोंडून निघून गेलं, “दिवाणजी, हत्ती जाते तुमचा.” हिरालालनं आधी शिव्या घातल्या आणि मग पट बघितला. हत्ती खरंच जात होता. त्या दिवसापासून हिरालाल पान जरा जास्तच खाऊ लागला.

आता पानाचा आणि बुद्धिबळाचा काय संबंध, विचाराल. ऐका तर खरं. बाहेरगावचा कोणी खेळाडू मालगुजाराकडे आला की समोर बसायचा हिरालाल. डाव अडला की हा उठायचा, पिंक टाकायला म्हणून निंबाजवळ यायचा. तिथं लहानू कुऱ्हाड चालवत असायचा. तो मान वर न करता पुटपुटायचा, “उंट मांगं घ्या.” हिरालाल पिंक टाकायचा, ओट्यावर जायचा आणि उंट मागे घ्यायचा. भंडाऱ्याचे एक वकीलसाहेब आले होते, फार नामी खेळाडू. त्या डावात हिरालालनं सतरा वेळा पिंक टाकली! आणि वकीलसाहेबांवर मात झाली, तीही प्याद्यानं.

प्यादेमात म्हणजे त्या देशी खेळातली सगळ्यात मानाची मात. वजिरानं कोणीही मात करील. प्याद्यानं करून दाखवली की ओट्यावरचे लोक उठून उभे राहत. आणि सगळ्यात फिकी गोष्ट म्हणजे बुर्जी. समोरच्याची सगळी मोहरी, सगळी प्यादी मारून टाकली आणि राजा एकटा उरला, की ती बुर्जी. डाव तिथंच संपायचा आणि अर्धा धरायचे. म्हणून पूर्ण डाव पाहिजे असेल तर समोरच्याचं एखादं प्यादं जिवंत ठेवावंच लागायचं. आणखी एक कायदा होता. प्यादं चालत चालत पटाच्या पलीकडच्या टोकाला गेलं, की ते ज्याच्या घरात पोचलं तेच व्हायचं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती.

तर ती प्यादेमात केल्याबद्दल मालगुजारानं हिरालालच्या खांद्यावर जरीचा शेला घातला. नागपूरच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या. शेला घालताना धोंडबा अंगणात उभा होता. घरी जाताना वाटेत तो पोराला एवढंच बोलला, “डाव तुहा, नाव त्याचं.” लहानूला त्या दिवशी रडू आलं होतं. एकवीस वर्षांचा बाप्या माणूस, पण आलं. शेल्यासाठी नाही. बापानं ते पाहिलं, त्यासाठी.

छप्पन सालच्या दसऱ्याला बापलेक पायी नि मग रेल्वेनं नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. महिनाभरानं हिरालालचा निरोप आला, कोणी पाहुणे आले आहेत, लाकडं फोडायला ये. लहानूनं सांगून पाठवलं, “पटावर बसवत असान तं येतो.” उत्तर आलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात लहानू भिलाईला निघून आला. बायको रुक्मा आणि लहानगी शालू मागाहून आल्या, आणि खुर्सीपारला पत्र्याच्या एका खोलीत संसार लागला.

भिलाईत तेव्हा काय होतं? धूळ, लोखंड आणि माणसं. लहानू खलाशांच्या गँगमध्ये लागला. खलाशी म्हटल्यावर समुद्र आठवायचं कारण नाही, इथले खलाशी म्हणजे दोरखंड, चेनपुली आणि पहारी लावून टनाटनांचे गर्डर वर चढवणारे लोक. त्या कामात लहानूचं डोकं पहिल्याच महिन्यात दिसून आलं. गर्डर उचलायच्या आधी तो डोळे मिटून उभा राहायचा. कुठली दोरी आधी ताणायची, मग गर्डर कुठं झुकेल, मग कोणी सरकायचं, हे सगळं मनात एकदा करून बघायचा. मगच “चला बे” म्हणायचा. त्याच्या गँगमध्ये कोणाचं बोट चेंगरलं नाही, असं जुने लोक आजही सांगतात.

त्या उचलणीवर पावेल नावाचा एक रशियन इंजिनिअर होता. लाल चेहऱ्याचा, डोक्यावर ओला रुमाल. जेवणाच्या सुट्टीत तो घडीचा पट उघडून एकटाच खेळत बसायचा. एक दिवस लहानू भाकर खाता खाता लांबूनच बघत राहिला. आयुष्यात पट पहिल्यांदाच दिसत होता. किती लहान असतात ही मोहरी! त्याच्या मनातले हत्ती याच्या दुप्पट होते. पावेलनं बघितलं, हातानं बोलावलं आणि काहीही न विचारता एक काळं प्यादं त्याच्या तळहातावर ठेवलं.

लहानूनं ते बराच वेळ मुठीत धरून ठेवलं. पावेलला वाटलं, याला काही येत नाही. मग डाव सुरू झाला आणि विसाव्या चालीला पावेलनं डोक्यावरचा रुमाल काढला.

पावेलच्या खेळाचे कायदे मात्र वेगळे होते. भैयालाल नावाचा दुर्गकडचा तरुण दुभाषा होता, कारखान्याच्या वर्गात रशियन शिकलेला. त्यानं ते एकेक करून समजावले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकते. राजा हत्तीच्या आड लपू शकते. राजा एकटा उरला तरी डाव चालू राहते, बुर्जी वगैरे काही नाही. आणि प्यादं टोकाला पोचलं की मनात येईल ते होऊ शकते, घर कोणाचंही असो.

“घोड्याच्या घरी गेलं तरी वजीर होते?” लहानूनं पुन्हा पुन्हा विचारलं.

“होते ना भैया. ओकर मरजी,” भैयालाल म्हणाला. म्हणजे, त्याची मर्जी.

हा कायदा लहानूला इतका आवडला की त्यानं तो सगळ्या गँगला सांगितला. घरी रुक्मालाही सांगितला. “आपल्याकडं प्यादं ज्याच्या दारात गेलं त्याचंच होऊन राहते. यायच्याकडं तसं नाही. एवढं चालून गेलं ना, मंग काहीही हो म्हणते!” रुक्मा पीठ मळत होती. ती म्हणाली, “बरोबरच आहे त्यायचं. चाललं कोण? प्यादंच ना?”

चार वर्षांत लहानूचा खेळ साऱ्या बांधकामावर माहीत झाला. प्याद्यांचा खेळ म्हणायचे त्याला. मोठी मोहरी तो घाईनं बाहेर काढत नसे. दोन घरं जायची मुभा असून प्यादं एकच घर टाकायचा, सवयच ती. पण प्रत्येक प्याद्याच्या पाठीशी दुसरं प्यादं असे, गर्डरला खांदा लावलेल्या गँगसारखं. समोरचा वैतागून तुटून पडायचा आणि तिथंच फसायचा. सुपेल्याच्या बाजारात एक मारवाडी दुकानदार होता, त्यानं लहानूशी नऊ डाव हरल्यावर पट विकून टाकला म्हणतात. पण हे सगळे डाव जेवणाच्या सुट्टीतले, दुकानाच्या फळीवरचे. लिहून ठेवणारं कोणी नाही. लहानू गावी गेला की म्हातारा धोंडबा दरवेळी विचारायचा, “खेळतं का रे?”

“खेळतो, बा.”

“तुह्या नावानं?”

कोणाच्याच नावानं नव्हते ते डाव. आणि हिरालाल अजून गावात सांगत होता, “लहान्या काय खेळते? हात माहा, डोस्कं माहं. मी त्याले उगीच विचारल्यासारखं करत होतो.” म्हातारा ऐकून घ्यायचा. करणार काय, त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतं.

आणि मग बासष्टच्या जानेवारीत रशियाचा एक ग्रँडमास्टर भिलाईला यायचा ठरला. ग्रोमिन त्याचं नाव. आपल्या देशाचे इंजिनिअर बघायला आलेला, पण एका रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये चोवीस जणांशी एकाच वेळी खेळणार होता. प्रत्येक खात्यानं आपला खेळाडू द्यायचा. बांधकामाकडून पावेलनं परस्पर लहानूचं नाव घातलं. क्लबच्या सेक्रेटरीनं कपाळाला आठ्या घातल्या, खलाशी गँगचा माणूस टेबलावर कसा? पावेलनं रशियनमध्ये जे काय सांगितलं त्याचं भाषांतर भैयालालनं केलं नाही. पण नाव राहिलं.

भैयालाल फॉर्म घेऊन खुर्सीपारला आला. “पूरा नाम बताओ, भैया. डाव की पूरी लिखाई होगी, हर चाल. ऊपर तुम्हारा नाम, नीचे ग्रँडमास्टर साहब का दस्तखत.”

लहानूनं सांगितलं, “लहानू धोंडबा टेंभुर्णे.” बापाला दाखवता येईल असा कागद आता मिळणार होता.

रविवारी रुक्मानं पितळेच्या गुंडीत निखारे घालून ती इस्त्रीसारखी सदऱ्यावर फिरवली. “जिकूनच या असं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “पण कागद तेवढा आणा. म्हाताऱ्याचे दिवस आता मोजके आहेत.”

“आणतो. पण अर्धा नाही आणत. पूर्ण आणतो,” लहानू म्हणाला.

हॉलमध्ये टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. आतून ग्रोमिनसाहेब फिरणार, बाहेरून चोवीस जण बसलेले. सूट, टाय, चष्मे. एकोणिसाव्या टेबलावर लहानू, शेजारी चाली लिहायला भैयालाल. ग्रोमिन ठेंगणा, गुबगुबीत माणूस, कोट काढून बाह्या सारलेल्या. प्रत्येक टेबलासमोर दोन क्षण थांबायचा, टक् करून मोहरं ठेवायचा, पुढे. लहानूनं पहिलं प्यादं एकच घर टाकलं तेव्हा तो गालात हसला. लहानू दाराबाहेर बघत होता. दुसऱ्या फेरीत ग्रोमिननं वळून दाराबाहेर पाहिलं, तिथं आहे तरी काय? तिथं एक सायकल टेकवलेली होती, बाकी काही नाही.

तासाभरात टेबलं रिकामी होऊ लागली. दोन तासांनी नऊ उरली. तीन तासांनी पाच. ग्रोमिन आता एकोणिसाव्या टेबलावर बराच थांबू लागला होता. लहानूची प्यादी एकेक घर करत त्याच्या अंगावर चालून आली होती, एकमेकांना धरून. घोड्याच्या बदल्यात ग्रोमिनला एक हत्ती द्यावा लागला. मग उंट गेला. होता होता पटावर उरलं काय, तर ग्रोमिनचा राजा आणि एकच प्यादं. लहानूचा राजा, एक हत्ती आणि दोन प्यादी.

ते एकटं प्यादं घोड्याच्या ओळीत होतं, टोकापासून दोन घरं अलीकडे, आणि लहानूचा हत्ती त्याच्या शेजारीच. हात पुढे करून मारायचं, बस. मग ग्रोमिनजवळ एकटा राजा, लहानूजवळ हत्ती. डाव जिंकलेला. शेंबड्या पोरालाही दिसावं असं. भैयालालला दिसलं आणि त्यानं ती चाल लिहायला पेन्सिल कागदावर टेकवलीसुद्धा. ग्रोमिनलाही दिसलंच होतं. हे प्यादं मारलं की हात पुढे करून हार कबूल करायची, एवढ्याच हिशेबानं तो पुढच्या टेबलाकडे गेला.

आणि लहानूनं डोळे मिटले.

साडेतीन तास झाले होते. इतका वेळ तो कधीच खेळला नव्हता. डोळे मिटल्यावर हॉल गेला, टेबलं गेली. निंबाची सावली आली, हातात कुऱ्हाड आली, आणि ओट्यावरून चाली ओरडणारा तो आवाज आला. मनातला पट त्याच अंगणात शिकलेला होता, त्याला दुसरं गाव माहीत नव्हतं. त्या पटावर लहानूनं विचार केला, हे प्यादं मारलं तर राजा एकटा. म्हणजे बुर्जी. म्हणजे अर्धा डाव. बापाकडे अर्धा डाव घेऊन जाऊ? नाही मारत. जाऊ दे त्याला. घोड्याच्या घरी पोचलं तर घोडा होईल, होऊ दे. तोवर आपली दोन प्यादी त्याच्या राजाजवळ पोचतात, आणि मात प्याद्यानंच करायची. भंडाऱ्याच्या वकिलावर केली तशीच, पण या वेळी माझ्या हातानं.

त्यानं हात पुढे केला आणि आपलं प्यादं एक घर सरकवलं.

ग्रोमिन फिरून आला. पटाकडे पाहिलं, मग लहानूच्या चेहऱ्याकडे. हा आपली थट्टा करतोय की काय, असं त्याला वाटलं असावं. पण त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यानं प्यादं एक घर पुढे टाकलं. पुढच्या फेरीत बघतो तर लहानूनं पुन्हा आपलंच प्यादं सरकवलं होतं. भैयालालनं पेन्सिल खाली ठेवून दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, बोलायची तर मनाई. ग्रोमिननं प्यादं टोकाला नेलं, उचललं आणि मेलेल्या मोहऱ्यांतून वजीर काढून तिथं ठेवला. टक्.

त्या आवाजानं लहानूनं डोळे उघडले. वजीर? घोड्याच्या घरात वजीर कसा?

आणि मग आठवलं. सगळ्या गँगला सांगितलेला, रुक्माला सांगितलेला, सगळ्यात आवडलेला तोच कायदा. अरे बाप्पा! त्या वजिराचा एकाच वेळी राजाला शह होता आणि हत्तीवर मारा होता. हत्ती गेला. मग दोन प्यादी गेली. लहानूनं राजा आडवा केला आणि हात पुन्हा पाठीमागे बांधले.

बाकीचे डाव आटोपल्यावर ग्रोमिन खुर्ची ओढून त्याच्यासमोर येऊन बसला. भैयालालमार्फत त्यानं एकच प्रश्न विचारला. “प्यादं का नाही मारलं?”

“आमच्याकडं राजाले एकटा नाही पाडत साहेब,” लहानू म्हणाला. “एकटा पाडला तं डाव अर्धा होते.” मग त्यानं घोड्याच्या घराचंही सांगितलं. भैयालालनं सगळं समजावलं. ग्रोमिन ऐकत राहिला, मध्येच एकदोन गोष्टी पुन्हा विचारल्या. मग त्यानं वजीर आला तेव्हाचा पट पुन्हा मांडला, वजीर बाजूला काढला, त्या घरात घोडा ठेवला आणि हातानं खूण केली, चल, खेळ तुझ्या कायद्यानं.

लोक भोवती जमले. लहानू दाराकडे बघू लागला. ग्रोमिननं घोडा इकडे नाचवला, तिकडे नाचवला. सात चालींत लहानूनं हत्तीनं वाट अडवली आणि प्याद्यानं मात केली. क्षणभर ग्रोमिननं पट न्याहाळला आणि मग तो असा खदखदून हसला की पावेल लांबून धावत आला. तो उभा राहिला. ओट्यावर लोक उठायचे तसा. लहानूचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि भैयालालला काहीतरी सांगितलं.

“साहब कहते हैं, दो कायदे, दो डाव. एक उनका, एक तुम्हारा. इसलिए बराबरी लिखो कहते हैं,” भैयालाल आनंदानं म्हणाला.

सेक्रेटरीला तर हर्षवायूच झाला. सबंध हॉलमध्ये एकच डाव बरोबरीत सुटला होता, आता दोन झाले असते. त्यानं पेन उघडून कागद पुढे ओढला. “लिखो, लिखो. ड्रॉ. अरे, साहब खुद दे रहे हैं!”

लहानूनं कागदावर हात ठेवला.

त्याला तो शेला आठवत होता. जरीचा, हिरवा. हिरालालनं तो दर सणाला खांद्यावर टाकला, आणि दरवेळी धोंडबानं तो पाहिला.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “हारलो तं हारलो लिहा. पहिले जिकत होतो तं दुसऱ्याचं नाव लागत होतं. आता नाव माहं लागून राहिलं, तं त्याच्याखाली खोटं नको.”

“अजीब आदमी है,” सेक्रेटरी म्हणाला.

भैयालालनं हळूहळू, शब्द शोधत ते ग्रोमिनला सांगितलं. ग्रोमिन या वेळी हसला नाही. त्यानं पेन घेतलं, हार लिहिली आहे हे नीट पाहिलं आणि खाली सही केली.

पुढे लहानू कारखान्याच्या टीममध्ये चार वर्षं खेळला, राउरकेल्याला जाऊन आला, एक कपही आणला. सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं तिथं तो कप शालूनं खिडकीत ठेवला होता, पेन्सिली ठेवायला. पण त्या रविवारी घरी येताना त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. हारलेला कागद म्हाताऱ्याला काय दाखवायचा? रुक्मानं कागद पाहिला, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, “उद्याची गाडी पकडा. कागद मोडू नका, सरळ न्या.”

गोंदियापर्यंत रेल्वे, साकोलीला मोटार, पुढे पायी. धोंडबा घरासमोर खाटेवर उन्हात बसला होता. डोळे पुरते गेले नव्हते, पण पाय गेले होते. लहानूनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

“का आहे हे?”

“डाव आहे, बा. रशियाच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूसंग खेळलो. सगळ्या चाली लिहिल्या आहेत.”

“तुहं नाव कोणतं?”

लहानूनं त्याचं बोट धरून नावावर ठेवलं. “हे माहं. हे मधलं तुहं.”

म्हातारा ते बोट तसंच ठेवून बसला. मग म्हणाला, “जिकला?”

“हारलो.”

“मोहरे कोणं हालवले?”

“म्याच.”

“सगळे?”

“सगळे, बा. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“मंग हारला कावून?”

“चुकलो. एक प्यादं मारायचं होतं, नाही मारलं.”

“कोणी सांगतलं तुले, मारू नको म्हणून?”

“कोणी नाही सांगतलं. माही चूक होती.”

धोंडबानं तोंड वाटेकडे वळवलं. लहानूला वाटलं, म्हातारा खट्टू झाला. तेवढ्यात समोरच्या वाटेनं शेजारचा नत्थू बैल घेऊन चालला होता. धोंडबानं त्याला हाक मारली. इतक्या मोठ्यानं त्यानं कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती.

“ए नत्थू! इकडं ये. माहा पोरगा हारला!”

नत्थू घाबरून थांबला. “का झालं, मामा?”

“हारला म्हणतो ना! रशियाच्या माणसासंग. स्वोता बसून, स्वोताच्या हातानं. जाय, हिरालालले सांग, ‘हा डाव बी माहाच होता’ असं आता म्हणून दाखव म्हणा. हे पाय, कागद आहे.”

नत्थूलाही वाचता येत नव्हतं. पण तो वाकून कागद बघू लागला, आणि धोंडबानं त्याला जागा दाखवली. बोट बरोबर नावावर होतं.